मायला दाखवलेली ऑफिसं

आमच्या ऑफिसात कुणाला बदलीचे नियम विचारतात, कुणाला चांगला टेलर. मला विचारतात, "मॅडम, नवीन काय बघायचं?" आणि मी सांगते. पण माझ्याकडे माल एकाच प्रकारचा: ऑफिसातल्या विनोदी मालिका. सासू-सून नाही, भूत नाही, खून नाही. टेबल, खुर्ची, साहेब, शिपाई, चहा आणि दिवसभराचा गोंधळ. मराठी असो, हिंदी असो, बाहेर देशातली डब केलेली असो, मला चालते.

याला कारण आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. घरातलीच कशाला, अख्ख्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, पहिली. अर्जुनी मोरगावपासून आत, जिथं इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी येता येता दमून जातं, तिथं आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं आहेत. आमच्या लोकांनी ऑफिस पाहिलं ते खिडकीच्या या बाजूनं, हातात कागद धरून, रांगेत उभं राहून. खिडकीच्या त्या बाजूला काय चालतं हे जेवता जेवता सांगणारा बाप मला नव्हता. ते मी मालिकांतून शिकले. रजेचा अर्ज आधी कोणाच्या टेबलावर ठेवायचा, साहेबांनी जोक केला तर किती हसायचं, फाईल हरवली की पहिली पाच मिनिटं कोणी काही बोलत नाही, हे सगळं मला नोकरीला लागायच्या आधीच ठाऊक होतं. कुणी हसेल तर हसो. माझं ट्रेनिंग तिथं झालं.

म्हणून गेल्या आषाढात माय पाय मोडून माझ्याकडे गोंदियाजवळ कुडव्याला आली, तेव्हा मी तिला तेच औषध दिलं जे माझ्याकडे होतं.

आता माय म्हणजे कोण ते सांगायला पाहिजे. माझी माय रोवण्याची मुकादम आहे. रोवणा म्हणजे भाताच्या पऱ्ह्यांची, रोपांची, लावणी. चौदा बायांची टोळी घेऊन ती लोकांच्या बांध्या ठेक्यानं रोवते. माझं कॉलेज त्या चिखलातून वर आलं आहे. तिच्या टोळीचे कायदे मी लहानपणापासून पाहत आले. प्रत्येक बाईला रोवायला एक पट्टी, तिला पात म्हणतात. कोणाचा हात चालतो, कोणाचा अडतो. पण जिची पात आधी संपली, तिनं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढून कंबर मोकळी करायची नाही. तिनं मागं फिरायचं आणि जी मागं राहिली तिची पात दुसऱ्या टोकाकडून धरायची, मध्यात दोघींची भेट होईपर्यंत. एकटी धुऱ्यावर चढली की जेवणाच्या सुट्टीत तिची धडगत नसते. टोमण्यांनीच तिचं पोट भरतं.

असल्या बाईचा पाय धुऱ्यावरून घसरला, घोट्याचं हाड गेलं आणि ऐन रोवण्यात दीड महिन्याचं प्लास्टर बसलं. बाबूजी, म्हणजे माझे वडील, बांध्या सांभाळायला गावी थांबले आणि माय माझ्या दोन खोल्यांत, खिडकीजवळच्या पलंगावर. दिवसभर आभाळ पाहायची.

"आज पाणी येते. तलावाखालची बांधी आज रोवाले पायजे."

"रोवतील ना त्या, माय."

"त्या काय रोवतीन वो! गप्पा मारून राहिल्या असतीन."

मग मी टीव्ही लावून दिला. म्हटलं, हे बघ, एकदम भारी आहे. आणि इथं माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं, जे पुढं मला महागात पडलं. मी म्हटलं, "माय, अस्संच असते पाह्य आमच्या ऑफिसात!"

पहिली लावली ती पोस्टातली. छोट्या गावचं पोस्ट, पोस्टमास्तर कामाला भिणारा. वरून तपासणीला साहेब येतो आणि हा टपालाच्या पोत्यामागं लपतो. मी ही चार वेळा पाहिली आहे, तरी माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. माय प्लास्टरवर हात ठेवून एकटक पाहत होती.

"हा मानूस सकायपासून काय करून राहिला?"

"तो पोस्टमास्तर आहे, माय."

"ते समजलं वो मले. करून काय राहिला?"

"लपून राहिला ना! साहेब आला."

"मंग चिठ्ठ्या कोन वाटून राहिला?"

मी चार वेळा पाहिलेल्या मालिकेत चिठ्ठ्या कोण वाटतं, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

दुसरी बँकेची. त्यात एक कॅशियर बाई आहे, तिच्या काउंटरवर कायम 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी. यात मात्र माय खुलली. "अश्शीच राहते! अश्शीच!" म्हणून पलंगावर थाप मारली. शेजारच्या काकू दुपारी तिला पाणी द्यायला येत, त्यांनाही तिनं ती बाई दाखवली. मला वाटलं, जमलं.

तिसरी कुरिअरच्या गोदामातली. हिच्यात काम दिसतं. खोके येतात, चढतात, उतरतात, चुकीच्या गावी जातात. माय म्हणाली, "ही बरी. यात हात हालताना दिसतेत." त्या गोदामात एक म्हातारा कामगार आहे, त्याला खोक्यावरचं चिन्ह वाचणारी मशीन धरता येत नाही. तो ती उलटी धरतो आणि स्वतःच्याच छातीवर लाल उजेड पाडतो. मी खो खो हसले. माय हसली नाही.

"याच्या बाजूले कोन राहते?"

"बाजूला? कोणी नाही."

"मंग त्याले काऊन हसून राहिली? मुकादमाले हास ना. त्यानं त्याले एकटा उभा केला."

माझं हसू तिथंच थांबलं, पण थोडाच वेळ. पुढचा सीन चांगला होता.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, स्कूटी लावली आणि दारात चपला काढत होते. आत माय फोनवर होती. तिची गावची मैत्रीण, टोळीतली सगळ्यात जुनी बाई, पलीकडे असणार. माय सांगत होती:

"अवो, मोठं काम-गिम काई नाही. मले बी आताच समजलं. खुर्चीत बसतेत, चहा पेतेत, एकमेकाच्या खोड्या काढतेत, साहेब आला का लपतेत. पोरगी बी तेच करत असन. तिनंच सांगितलं ना, अस्संच असते म्हणून."

मी दारातच उभी राहिले. एक चप्पल पायात, एक हातात.

हीच माय धुऱ्यावर बसून तीन वर्षं सांगत आली होती की माझी पोरगी ऑफिसात आहे, तिच्या सहीशिवाय कागद हालत नाही. (माझी सही नसते, मी कनिष्ठ लिपिक आहे, पण मी ते कधी दुरुस्त केलं नाही.) चौदा बायांच्या समोर माझी इज्जत तिच्या तोंडावर उभी होती. साहेबांनी मला काय म्हटलं याचं मला इतकं काही वाटत नाही. पण गावी परत गेल्यावर माय धुऱ्यावर माझ्याबद्दल काय सांगेल, याचं मला वाटतं. तेव्हा फार वाटलं. पदवीच्या कागदाला मी फ्रेम केली ती मायसाठी. आणि आता ती सांगणार होती की पोरगी बसून खाते.

मी आत जाऊन भांडले.

"माय, ते नाटक आहे! खोटं असते ते!"

"खोटं हाये तं एवढं खरं काऊन दिसते?"

"अवो, आम्हाले मान वर कराले टाइम नसते!"

"असन बाई," माय म्हणाली. आमच्याकडे 'असन बाई' म्हणजे विषय संपला, पण पटलं नाही.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गावी जायला निघाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वर्षी चिखलात उतरायचं नाही, काठी घेऊन चालायचं. एसटी दुपारची होती. सकाळी पिशवी भरून माय म्हणाली, "तुझं ऑफिस पाहाचं हाये मले. तिथूनच जाईन गाडीवर."

मला आनंद झाला आणि घामही फुटला. मी प्रेस केलेला ड्रेस घातला, ओळखपत्र गळ्यात अडकवलं, नेहमी ते पर्समध्ये असतं. मायला स्कूटीवर मागं बसवलं, काठी तिच्या मांडीवर आडवी. कुडव्यापासून गोंदिया काही लांब नाही, पण त्या दिवशी मी हळू चालवली. मनात एकच होतं: आज तिनं पाहावं.

दिवस दाखल्यांचे होते. कॉलेजच्या ॲडमिशन सुरू, पोरापोरींना उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला पाहिजे. आमच्या हॉलमध्ये दोन टेबलं आणि दोन रांगा. एक टेबल माझं. दुसरं बडे बाबूंचं. बडे बाबू आमच्यातले सगळ्यात जुने. रजिस्टरच्या काळात त्यांच्यासारखं अक्षर कोणाचं नव्हतं, कोणती नोंद कोणत्या पानावर आहे हे न पाहता सांगायचे. कॉम्प्युटर आला आणि ते एका बोटाचे झाले. चार महिन्यांत रिटायर होणार होते. आम्ही त्यांची खेचायचो. ते पण हसायचे, म्हणून आम्हाला वाटायचं, चालतं.

माय भिंतीच्या बाकावर बसली, पिशवी पायाशी, काठी हातात. आणि मी कामाला लागले. अशी लागले की जशी परीक्षा आहे. कागद घेतला, पाहिला, टाईप, शिक्का, पुढचा. पाणी प्यायला उठले नाही. पोरं "थँक यू मॅडम" म्हणायची तेव्हा मी मुद्दाम जरा मोठ्यानं "या, पुढं या" म्हणायची, मायला ऐकू जावं म्हणून. बारा वाजता माझी रांग संपली. पूर्ण साफ. बडे बाबूंची रांग दाराबाहेर गेली होती.

मी हात वर करून आळस दिला, शिपायाला चहा सांगितला आणि मायकडे पाहिलं. बघ म्हटलं, मनातल्या मनात. मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बडे बाबूचं बोट अक्षर शोधायला निघालंय. संध्याकाळच्या गाडीनं परत येईल."

सगळे हसले. बडे बाबूही हसले, कीबोर्डवरून मान न उचलता.

माय बाकावरून उठली. चार बांध्या पलीकडे ऐकू जातो तो आवाज मी गोंदियाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा ऐकला.

"अवो पोरी! उभी काऊन राहिली? मागं फिर ना! त्या दादाची पात राहिली!"

मग रांगेतला एक पोरगा फिसकन हसला. आमचा शिपाई चहाची केटली घेऊन आला होता, तो अदबीनं म्हणाला, "आंटीजी, ये खेत नहीं है, सरकारी दफ्तर है."

"दफ्तर असन भाऊ. पन पात तं दिसून राहिली ना!" माय म्हणाली आणि काठीनं ती रांग दाखवली, टेबलापासून थेट दारापर्यंत.

ओळखपत्राची दोरी गळ्यात फासासारखी वाटायला लागली. पण पाय हालले, आणि डोक्याला विचारून हालले असं मला वाटत नाही. चौदा वर्षांची असल्यापासून सुट्ट्यांत मी त्या टोळीत रोवलं आहे. माय "मागं फिर" म्हणाली की अंग फिरतं. मी दाराशी गेले आणि रांगेच्या शेवटच्या पोरीला म्हटलं, "चल, तुझे कागद दे."

लगेच बोंब झाली.

"ओ मॅडम! हम सुबह से खडे हैं!"

"ही आत्ता आली, आणि हिचं आधी?"

"ये कौनसा नियम है?"

खरं होतं त्यांचं. मी पात उलट्या टोकाकडून धरली होती, शिकवली तशी. धानाला कोण आधी कोण मागून, काही फरक पडत नाही. सकाळी आठपासून उपाशी उभ्या असलेल्या पोराला पडतो. मी तिथंच उभी, हातात त्या पोरीचे कागद, आणि सगळा हॉल माझ्यावर ओरडतोय. मी मायकडे पाहिलं.

माय कपाळावर हात मारून हसत होती. "अवो, हे तं राहूनच गेलं! पऱ्ह्याले तोंड नसते!"

त्यावर आधी बडे बाबू हसले, मग ते ओरडणारे पण. मी रांगेच्या पुढून एकाला बडे बाबूंकडे, एकाला माझ्याकडे घेतलं. मग दहा मिनिटांनी सुचलं म्हणून खुर्ची उचलून त्यांच्या शेजारीच नेली. कागद ते पाहायचे, टाईप मी करायची. कोणता कागद कमी आहे, कोणत्या दाखल्यावर कोणाची सही चालत नाही, हे त्यांना एका नजरेत कळतं. मला त्यासाठी प्रत्येक वेळी परिपत्रक उघडावं लागतं. तीन वर्षं मी त्यांच्यापासून सहा फुटांवर बसत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. दीड वाजता हॉल रिकामा. एवढ्या लवकर तो त्या महिन्यात कधी झाला नव्हता.

बडे बाबूंनी आपला डबा मायच्या बाकावर नेला. "घ्या बाई, भेंडी आहे. तुमच्या टोळीत एखादी जागा आहे का? चार महिन्यांनी मी रिकामाच."

मायनं भेंडी घेतली. "जागा हाये. पन तिथं दोन्ही हातानं रोवा लागते दादा. एका बोटानं नाही जमत."

शिपायानं केटली खाली ठेवली आणि हसत भिंतीला टेकला. बडे बाबूंना ठसका लागला. मी हसले, आणि लक्षात आलं, मायचा टोमणा माझ्यासारखाच होता. फरक एवढाच की ती त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच डब्यातून खाता खाता बोलली होती.

स्टँडवर मी तिला खिडकीची जागा मिळवून दिली. विचारावं असं फार वाटत होतं, की माय, आता काय सांगशील गावी? पण ग्रॅज्युएट झालं तरी मायला काही गोष्टी विचारता येत नाहीत. ती पिशवीत पाण्याची बाटली शोधत म्हणाली, "खुर्ची मऊ हाये तुमची." म्हणजे पोरगी बसून खाते, तेच ती गावी सांगणार, असं मला वाटलं. गाडी सुरू झाली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "कंबर शेकून घेजो आज. आखडली तुझी. पाहत होती मी."

एवढंच. मी स्टँडवर उभी राहून त्या वाक्याला दोन्ही बाजूंनी पाहत राहिले.

चार दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. मागून पाण्याचा आवाज, बायांचा कालवा. माय धुऱ्यावर बसून होती, चिखलात उतरली नव्हती, असं तिनं आधीच शपथेवर सांगितलं. मग कोणीतरी फोन ओढला. ती जुनी मैत्रीण.

"काय वो मॅडम? पात अर्धी पडली आणि तू चहा सांगून राहिलीस म्हनते? धुऱ्यावर चढली म्हनते एकटीच?"

चौदा बाया हसल्या. म्हणजे मायनं सांगितलं होतं. जे लपवायचं तेच सगळ्यात आधी सांगितलं होतं. मी काही बोलायच्या आत मागून मायचा आवाज आला, "अवो, पन मागं फिरली ना! तेही सांगितलं ना म्या! आनि रोवली कशी, हात दिसत नव्हता, ते काऊन नाही सांगत तिले?"

"हो वो हो," मैत्रीण म्हणाली. "सांगून सांगून कान पिकवले आमचे. तुझी माय म्हनते, ऑफिसात बी रोवणाच राहते, फक्त पानी नसते."

मी फोन कानाला धरून बसले होते. समोर बडे बाबू डबा उघडत होते. आता आमची टेबलं जोडलेली आहेत. त्यांनी खुणेनं विचारलं, काय झालं? मी खुणेनंच सांगितलं, काही नाही, भाजी वाढा.

सहीची गोष्ट मी त्याच फोनवर सांगून टाकली. "माय, माझी सही नसते त्या कागदावर. साहेबाची असते."

"मले ठाऊक हाये," माय म्हणाली. "पाहिलं ना त्या दिवशी. बांधीच्या सातबाऱ्यावर तरी कुठं रोवणाऱ्याचं नाव राहते!"

बडे बाबू दिवाळीनंतर रिटायर झाले. जाताना त्यांनी मला आपलं जुनं रजिस्टर दाखवलं आणि मी त्यांना एक यादी दिली, घरी बसून बघायच्या मालिकांची. ती यादी मी आता कोणालाही देते, पण तिचा क्रम बदलला आहे, आणि तो मायनं ठरवला आहे. गोदामवाली पहिली, कारण तिच्यात काम दिसतं. बँकवाली दुसरी, कारण ती बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पोस्टवाली बघायची तर बघा, मी आजही पाहते आणि आजही रडेपर्यंत हसते. पण गावाकडे बाया एकमेकींना बजावतात, "ती नोको पाहू, तिथं चिठ्ठ्या कोनीच वाटत नाही."

परवा मायनं विचारलं, "बारा भानगडीच्या मालिका सांगतेस, रोवण्याच्या टोळीची एखादी हाये का? आमच्यात काय कमी नमुने हायेत?"

मी म्हटलं, "नाही सापडली, माय."

"पाहून राह्य," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिकडं कोणाची तरी पात राहिली होती.